घरचा कर्बाचा जमाखर्च

माती परीक्षणाच्या पत्रिकेवरील 'सेंद्रिय कर्ब' हा शब्द आता बहुतेक शेतकऱ्यांच्या ओळखीचा झाला आहे. २०१५ पासून मृद् आरोग्य पत्रिका गावोगाव पोहोचू लागल्यामुळे 'आमच्या रानात कर्ब कमी निघाला' असे वाक्य पारावरही ऐकू येते. जमिनीत जो कर्ब कमी पडल्याची तक्रार आहे, तोच कर्ब हवेत प्रमाणाबाहेर वाढला आहे, ही तक्रार मात्र सगळ्या जगाची आहे. एकच पदार्थ एका ठिकाणी हवासा आणि दुसऱ्या ठिकाणी नकोसा कसा होतो, हे ज्या शिक्षकाला मुलांना समजावून देता येईल, त्याला या विषयाचा निम्मा पाठ साधला असे समजावयास हरकत नाही.

हवेतील कर्ब म्हणजे मुख्यतः कार्बन डायऑक्साइड होय. जुन्या क्रमिक पुस्तकांत त्यास कर्बाम्ल वायू म्हणत. पुढे सोयीसाठी नुसते कर्बवायू म्हटले आहे. या वायूचे हवेतील प्रमाण फारच थोडे असते. यंत्रयुगापूर्वी ते दहा लाख भागांत सुमारे २८० भाग इतके होते. चार्ल्स कीलिंग या शास्त्रज्ञाने १९५८ मध्ये हवाई बेटांतील मौना लोआ पर्वतावर त्याची नियमित मोजणी सुरू केली, तेव्हा ते सुमारे ३१५ भाग भरले. २०२४ मध्ये त्याच ठिकाणची वार्षिक सरासरी सुमारे ४२४ भागांपर्यंत गेली. म्हणजे आज निवृत्तीच्या जवळ आलेल्या शिक्षकाच्या एका आयुष्यात हवेचा हा गुण बदलला आहे. सूर्याची उष्णता जमिनीपर्यंत येऊ देणे, पण तापलेल्या जमिनीची ऊब सहजासहजी बाहेर जाऊ न देणे, हा या वायूचा धर्म. थंडीत पांघरलेले घोंगडे जसे स्वतः तापत नाही, केवळ अंगाची ऊब अडवते, तसाच हा प्रकार आहे. घोंगडे अजिबात नसते तर पृथ्वी गोठून गेली असती. ते जाड होत चालल्यामुळे ती तापते आहे. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय मौसम विज्ञान संस्थेतील शास्त्रज्ञांच्या पुढाकाराने २०२० मध्ये जो अहवाल प्रसिद्ध झाला, त्यानुसार १९०१ ते २०१८ या काळात भारताचे सरासरी तापमान सुमारे ०.७ अंशाने वाढले आहे. आकडा लहान दिसतो. परंतु तापाच्या रुग्णाच्या बाबतीत एका अंशाला काय अर्थ असतो, हे कोणत्याही आईला विचारावे.

एखादे माणूस, एखादे घर किंवा एखादे गाव आपल्या रोजच्या वागण्यातून वर्षाला किती कर्बवायू हवेत सोडते, या मोजमापाला इंग्रजीतून आलेले 'कार्बन फूटप्रिंट' हे नाव रूढ झाले आहे. मराठीत कोणी त्यास कर्ब-पदचिन्ह म्हणतात. वर्गात मात्र 'कर्बाचा जमाखर्च' म्हटले की मुलांना ते लवकर उमगते. कारण घरी वाण्याच्या उधारीची वही त्यांनी पाहिलेली असते. या शब्दाचा इतिहासही शिक्षकाने जाणून असावे. पदचिन्हाची मूळ कल्पना विल्यम रीस व मॅथिस वॅकरनेगल या अभ्यासकांनी १९९० नंतरच्या दशकात मांडली आणि कर्बापुरता तिचा गाजावाजा २००४ च्या पुढेमागे एका मोठ्या तेल कंपनीच्या जाहिरातींनी केला. तेल काढणाराने तेल जाळणाराच्या हातात वही द्यावी, यात काहींना लबाडी दिसते आणि ती तशी अगदीच खोटी नाही. तरीसुद्धा वही कोणी दिली यावरून हिशेब चुकीचा ठरत नाही. तो कोणापुढे आणि कोणत्या सुरात मांडावयाचा, एवढे तारतम्य राखले म्हणजे झाले.

हिशेबाचे गणित सोपे आहे. चार आकडे फळ्याच्या कोपऱ्यात वर्षभर लिहून ठेवावेत. एक लिटर पेट्रोल जळाले की सुमारे २.३ किलो कर्बवायू निघतो. एक लिटर डिझेलमधून सुमारे २.७ किलो, चौदा किलो दोनशे ग्रॅमच्या एका घरगुती गॅस-टाकीतून सुमारे ४२ किलो, आणि विजेच्या एका युनिटमागे आपल्या देशात सरासरीने सुमारे ०.७ किलो. वीज घरात जळताना धूर दिसत नाही म्हणून ती निर्धूर, असा पुष्कळांचा समज असतो. तिचा धूर चंद्रपूर, कोराडी, भुसावळ येथील औष्णिक केंद्रांच्या धुरांड्यांतून अगोदरच निघून गेलेला असतो. कोयनेच्या पाण्याची, वाऱ्याची आणि सूर्याची वीज त्याच तारांत मिसळते, म्हणून सरासरी एवढ्यावर थांबते. केवळ कोळशाची वीज धरली तर आकडा याहून मोठा येतो.

पेट्रोलचा आकडा सांगितल्यावर वर्गातील एखादे चलाख मूल हटकून विचारील की एक लिटर पेट्रोलचे वजन पाऊण किलोदेखील भरत नाही, मग त्यातून सव्वादोन किलो वायू निघेल कसा? हा प्रश्न आला तर पाठ वाया गेला असे कोणी समजू नये. उलट तो खऱ्या अर्थाने तेथेच सुरू होतो. जळणे म्हणजे नाहीसे होणे नव्हे, हवेतील प्राणवायूशी संयोग पावणे होय. कर्बाच्या १२ भार भागांना प्राणवायूचे ३२ भाग चिकटतात आणि ४४ भाग कर्बवायू तयार होतो. म्हणजे एक किलो कर्बाचे सुमारे ३.६७ किलो होतात. एक लिटर पेट्रोलमध्ये कर्ब सुमारे ६४० ग्रॅम असतो. मुलांनी गुणाकार करून पाहावा. वरच्या वर्गांतील दशांश अपूर्णांकांच्या गुणाकाराला याहून जिवंत उदाहरण मिळणे कठीण.

आता एक नमुन्याचे घर घ्यावे. घरात माणसे पाच. महिन्याला वीज ७५ युनिट, वर्षात गॅसच्या टाक्या सहा, मोटारसायकलीला महिन्याला दहा लिटर पेट्रोल. विजेचे ९०० युनिट म्हणजे ६३० किलो, गॅसचे २५२, पेट्रोलचे १२० लिटर म्हणजे २७६ किलो. एकूण ११५८ किलो आणि माणशी सुमारे २३२ किलो. भारतातील माणशी सरासरी वर्षाला सुमारे दोन टन आहे. जगाची त्याच्या दुपटीहून अधिक आणि अमेरिकेची सुमारे चौदा टन. मग घरच्या वहीत केवळ २३२ किलोच कसे आले? कारण देशाच्या दोन टनांत पोलाद, सिमेंट, कारखाने, रेल्वे, इस्पितळे आणि शहरांतील मोठमोठी घरे हे सगळे येते. सरासरी हा शब्द गरीब आणि श्रीमंत यांची बेरीज करून त्यांना एका पंक्तीला बसवतो, हेही मुलांना या निमित्ताने कळावे.

येथे एक गोष्ट जरा थांबून सांगणे जरूर आहे. शहरी शाळांसाठी छापलेली काही कोष्टके खेड्यांतील शाळांतही वाटली जातात. त्यांत विमानप्रवास, वातानुकूलन यंत्र, मोटारगाडी असे रकाने असतात. ज्या मुलाच्या घरी एक पंखा आणि दोन दिवे आहेत, त्याने सगळ्या रकान्यांत शून्य भरावयाचे आणि शेवटी 'मी पृथ्वीसाठी काय त्याग करीन' यावर पाच वाक्ये लिहावयाची, ही त्या मुलाची थट्टाच होय. ऊसतोडणीसाठी दिवाळीनंतर आईबापांबरोबर साखर कारखान्याच्या परिसरात जाऊन खोपटात राहणाऱ्या मुलाचा कर्बखर्च वर्गात सर्वांत कमी भरेल. त्या कमीपणाला गुण देणेही तितकेच क्रूर ठरेल. त्याने ते काटकसरीने साधलेले नसते. म्हणून हा हिशेब अपराधाचा नव्हे, निरीक्षणाचा ठेवावा. कोणाचे नाव घेऊन आकडा वाचून दाखवू नये. काही घरांत मीटर नसेल, काही ठिकाणी तारेवर आकडा टाकलेला असेल. शिक्षक म्हणजे वीज मंडळाचा तपासनीस नव्हे. अशा घरच्या मुलाला शाळेच्या मीटरची नोंद ठेवण्याचे काम द्यावे. त्याला हिशेबही येईल आणि त्याची मानही खाली जाणार नाही.

त्याच न्यायाने पहिला हिशेब शिक्षकाने स्वतःचा मांडावा. तालुक्याच्या गावी राहून वीस किलोमीटरवरील शाळेत रोज मोटारसायकलीने जाणारे शिक्षक आज पुष्कळ आहेत. मुख्यालयी राहण्याच्या नियमाचा वाद येथे उकरून काढण्याचे कारण नाही. मुलांची शिक्षणे, वृद्ध आईवडिलांचे औषधपाणी, गावात भाड्याने घर न मिळणे अशी त्याला अनेक कारणे असतात. पण हिशेब तो हिशेब. येण्याजाण्याचे चाळीस किलोमीटर, कामाचे दिवस २२०, म्हणजे ८८०० किलोमीटर. गाडी लिटरला पन्नास किलोमीटर धावते असे धरले तर १७६ लिटर पेट्रोल आणि सुमारे ४०५ किलो कर्बवायू. नमुन्याच्या घरातील पाच माणसांच्या वर्षाच्या स्वयंपाकापेक्षा एका शिक्षकाचे येणेजाणे भारी पडते! दोघे शिक्षक एका गाडीवर आले तर हाच बोजा जवळजवळ निम्मा होतो. एसटीने आल्यास तो आणखी उतरतो. कारण चाळीस उतारूंची गाडी लिटरला साडेचार किलोमीटर धावली, तरी माणशी किलोमीटरमागे १५ ग्रॅमच कर्बवायू पडतो, तर एकट्याच्या मोटारसायकलीमागे ४६ ग्रॅम. शाळेच्या वेळेशी जुळणारी गाडी नसते, ही तक्रार बहुतेक ठिकाणी खरी आहे. तेथे ग्रामसभेचा ठराव घेऊन आगाराकडे वेळ बदलून मागणे हाही या जमाखर्चाचाच भाग समजावा. मुलांनी फळ्यावर गुरुजींचे किंवा बाईंचे ४०५ किलो एकदा पाहिले म्हणजे घरचे आकडे सांगताना ती आपोआप मोकळी होतात.

स्वयंपाकाच्या बाबतीत फार जपून बोलले पाहिजे. लाकूड जाळल्याने निघणारा कर्बवायू नवे झाड वाढताना पुन्हा शोषून घेते, गॅस मात्र जमिनीच्या पोटातून येतो. तेव्हा चूलच बरी, असा निष्कर्ष एखादा हुशार विद्यार्थी काढील. तो अर्धवट आहे. एक तर तोडलेल्या प्रत्येक झाडाच्या जागी नवे झाड वाढतेच असे नाही. दुसरे असे की अर्धवट जळालेल्या लाकडातून काजळी व मिथेनही निघतात आणि त्याही पृथ्वी तापवतात. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे तो धूर स्वयंपाक करणाऱ्या बाईच्या आणि तिच्या मांडीवरील मुलाच्या छातीत जातो. २०१६ मध्ये सुरू झालेल्या उज्ज्वला योजनेने पुष्कळ घरांत गॅस आला. टाकी पुन्हा भरून आणावयास पैसे नसले की त्याच घरांत चूल पेटते. अशा घराला गॅस कमी वापरा असा उपदेश करणे अडाणीपणाचे ठरेल. काटकसर करावयाची ती उष्णतेची, आईच्या श्वासाची नव्हे.

उष्णतेची काटकसर आपल्या घरांना नवी नाही. पूर्वीच्या चुलीला वैल असे. पुढच्या भांड्याखालून सुटलेली ऊब वैलावर ठेवलेल्या पातेल्याला मिळे आणि डाळ तेथे सावकाश शिजत राही. कडधान्य आदल्या रात्री भिजत घालणे, भांड्यावर झाकण ठेवणे, कुकरची पहिली शिट्टी होताच ज्योत बारीक करणे, या सवयींमागे एकच शास्त्र आहे आणि ते वर्गात दाखवता येते. पातेल्यात पाणी उकळत ठेवावे आणि त्यात प्रयोगपेटीतील तापमापक धरावा. पाणी उकळू लागले की पारा शंभराच्या आसपास थांबतो. मग ज्योत मोठी करावी. पारा वर सरकत नाही, फक्त वाफ अधिक निघते. म्हणजे उकळी आल्यानंतर मोठ्या ज्योतीवर जे जळते ते अन्न शिजवावयाच्या कामी येत नाही, पाण्याची वाफ करण्यात खर्ची पडते. शाळेच्या पोषण आहाराच्या स्वयंपाकघरात हा प्रयोग करून पाहिल्यास स्वयंपाक करणाऱ्या ताईंनाही तो पटेल. मात्र प्रयोग त्यांच्या सोयीने आणि त्यांना विचारून करावा, मुलांना त्यांच्यावर देखरेख करावयास बसवू नये. उकळत्या पाण्याजवळ मोठे माणूस हवेच.

विजेचा पाठ तर शाळेच्या मीटरसमोरच घ्यावा. बहुतेक नव्या मीटरवर एक बारीक लाल दिवा लुकलुकत असतो आणि किती लुकलुकींना एक युनिट होते तो आकडा मीटरच्या तोंडावर छापलेला असतो. काही मीटरवर तो ३२०० असतो. शाळेतील सर्व बटणे बंद करावीत आणि जुना साठ वॅटचा तारेचा दिवा तेवढा लावावा. ३२०० च्या मीटरवर मिनिटाला तीन वेळा लुकलुक दिसेल. त्याच जागी तितकाच उजेड देणारा नऊ वॅटचा एलईडी दिवा लावला की लुकलुकीसाठी दोन मिनिटे वाट पाहावी लागते. पुढे एखादी इस्त्री जोडली की मुलांना मोजणे अवघड होईल इतक्या वेगाने दिवा लुकलुकतो. उष्णता निर्माण करणारी उपकरणे सर्वांत खादाड असतात, हे व्याख्यानापेक्षा त्या लाल ठिपक्याने लवकर पटते. अंघोळीच्या पाण्याचा दीड हजार वॅटचा रॉड वीस मिनिटांत अर्धा युनिट खातो. उन्हात ठेवलेल्या काळ्या पिंपातील पाणी दुपारपर्यंत फुकट कोमट होते. दिवसा अंघोळ करणाऱ्या घरातील म्हाताऱ्या माणसांना ते पुरते.

तारेचा एक दिवा बदलून एलईडी लावला आणि तो रोज पाच तास जळला, तर महिन्याला साडेसात युनिटांहून थोडी अधिक आणि वर्षाला सुमारे ९३ युनिट वीज वाचते. कर्बवायू ६५ किलोंनी कमी होतो. २०१५ मध्ये उजाला योजनेतून हे दिवे स्वस्त झाल्यापासून बहुतेक घरांनी हा लाभ आधीच पदरात पाडून घेतला आहे. म्हणून 'दिवे बदला' एवढ्यावर पाठ संपवणे म्हणजे झालेल्या कामाचेच पुन्हा उद्घाटन करणे होय. उरलेली गळती कोठे आहे, ते शोधले पाहिजे.

ती बहुधा घराबाहेर सापडते. रस्त्यावरचे दिवे दिवसाढवळ्या जळत असलेले गाव पाहिले नाही, असा मनुष्य विरळा. वीस वॅटचे वीस दिवे रोज बारा तास विनाकारण जळाले तर दिवसाला ४.८ युनिट आणि वर्षाला सुमारे १७५२ युनिट होतात. त्यांचा कर्बवायू १२२६ किलो. वर ज्या पाच माणसांच्या घराचा हिशेब मांडला, त्या घरातील वर्षाची वीज, गॅस आणि पेट्रोल यांची बेरीज ११५८ किलो होती! म्हणजे एका कुटुंबाने अंधारात बसून, चूल विझवून आणि पायी चालून जे वाचवले असते, त्याहून अधिक त्या दिव्यांचे एक बटण वेळेवर दाबल्याने वाचते. सकाळी शाळेत येणाऱ्या मुलांपैकी दोघांनी कोणते खांब जळत आहेत ते आठवडाभर टिपून ठेवावे, आणि तो कागद मुख्याध्यापकांनी ग्रामपंचायतीकडे सविनय द्यावा. सरपंचांना दोष देण्याचा सूर नसावा. बटण कोणाच्या ताब्यात आहे हेच पुष्कळ ठिकाणी ठरलेले नसते.

विहिरीवरच्या पंपाचीही तीच कथा. शेतीची वीज कित्येक ठिकाणी आठवड्यातून काही दिवस रात्रीच येते. थंडीत, विंचूकाट्यात रात्री उठून पंप सुरू करणे नको म्हणून शेतकरी ऑटो स्विच लावतो. वीज आली की पंप आपोआप सुरू होतो, मालक झोपलेला असतो आणि पाणी बांध ओलांडून ओढ्याला मिळते. पाच अश्वशक्तीचा पंप ताशी सुमारे चार युनिट खातो. एका रात्री तो गरजेहून तीन तास अधिक चालला तर बारा युनिट गेले. घरातील एका दिव्याच्या बदलाने दीड महिन्यात वाचवलेली वीज एका रात्रीत वाहून गेली. वर पाणी गेले, जमीन खारवली, ते निराळेच. यात केवळ शेतकऱ्याच्या सवयीचा दोष नाही. वीज दिवसा मिळाली असती तर त्याने तो स्विच लावला नसता. २०१७ पासूनची मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना आणि २०१९ पासूनची कुसुम योजना यांचा उद्देश शेतीला दिवसा, सूर्याची वीज देणे हाच आहे. ती जेथे पोहोचली नाही तेथे ठरावीक वेळेने पंप बंद करणारे साधे टायमर बसवता येते. मुलाने बापाला शहाणपण शिकवू नये. मीटरवरचे दोन आकडे लिहून दाखवावेत आणि गप्प बसावे. बाप वजाबाकी करू शकतो.

शेताचा विषय निघालाच आहे तर पाचटाबद्दल दोन शब्द अधिक लिहिले पाहिजेत, कारण आरंभी म्हटलेला जमिनीतला कर्ब आणि हवेतला कर्ब यांची गाठ येथे पडते. ऊस तुटल्यावर एकरी साधारण तीन ते चार टन पाचट उरते. काडी लावली की तासाभरात रान मोकळे होते, म्हणून ते पेटवण्याकडे कल असतो. त्या पाचटात टनामागे चार ते पाच किलो नत्र असते; त्याचा बहुतेक भाग धुराबरोबर जातो आणि तेच नत्र मग युरियाच्या पोत्यातून विकत आणावे लागते. युरिया नैसर्गिक वायूपासून तयार होतो, म्हणजे तोही एक प्रकारे जमिनीच्या पोटातला कर्ब जाळूनच आलेला. शिवाय पिकाने न घेतलेल्या नत्राचा काही अंश नायट्रस ऑक्साइड होऊन हवेत जातो. हा वायू वजनास वजन कर्बवायूपेक्षा सुमारे २७३ पट पृथ्वी तापवतो. पाचट सरीत दाबून किंवा आच्छादन म्हणून पसरून कुजू दिले, की पत्रिकेवरील सेंद्रिय कर्बाचा आकडा काही वर्षांत सुधारू लागतो आणि पाणीही कमी लागते. ज्या शेतात ०.४ टक्के कर्ब निघाला, त्या शेतकऱ्याच्या मुलाने ती पत्रिका वर्गात आणावी. शेजारच्या बांधावर जाळलेल्या आणि न जाळलेल्या रानातील मूठमूठ माती शेजारी ठेवावी. रंग आणि ओल हातालाच कळते. पुण्याच्या 'आरती' या संस्थेने पाचटापासून कोळसा करण्याची रीत बसवली आणि २००२ मध्ये तिला त्यासाठी इंग्लंडमधील अ‍ॅशडेन पुरस्कार मिळाला, हेही वरच्या वर्गातील मुलांना सांगण्याजोगे आहे.

शेणाच्या वायूची गोष्ट महाराष्ट्राला घरची आहे. माटुंग्याच्या कुष्ठधामात मैल्यापासून निघणारा वायू एकोणिसाव्या शतकातच उपयोगात आणला गेला होता. कणकवलीच्या गोपुरी आश्रमातील आप्पासाहेब पटवर्धन यांनी सफाईच्या कामाला प्रतिष्ठा दिली. १९६० च्या सुमारास देहूला वैद्यकीय अधिकारी म्हणून आलेले डॉ. सुहास विठ्ठल मापुस्कर यांनी त्यांच्यापासून स्फूर्ती घेऊन संडासाला जोडलेल्या वायुसंयंत्राचा प्रसार जन्मभर केला; २०१७ मध्ये त्यांना मरणोत्तर पद्मश्री देण्यात आली. एक घनमीटर वायूला सुमारे २५ किलो ताजे शेण लागते. म्हणून दोनच जनावरे असलेल्या घराने मोठ्या संयंत्राची हौस करू नये. उकिरड्यात हवेविना कुजणाऱ्या शेणातून मिथेन सुटतो आणि तो कर्बवायूच्या सुमारे २८ पट घातक असतो. तोच संयंत्रात कोंडून शेगडीत जाळला की त्याचा कर्बवायू होतो, आई धुरातून सुटते आणि मळी रानाला मिळते. मात्र घुमट तडकलेले, नळी गळकी असलेले संयंत्र म्हणजे मिथेनला मोकळा दरवाजाच. गावातील बंद पडलेली संयंत्रे किती आणि ती कशाने बंद पडली, याची पाहणी सातवीच्या मुलांना सहज करता येईल. नवे बांधण्यापेक्षा जुने सांधणे स्वस्त पडते.

काही गोष्टींना या हिशेबात उगाच मोठी जागा मिळते. प्लास्टिकची पिशवी टाकू नये हे खरे; महाराष्ट्रात २०१८ पासून त्यावर बंदीही आहे. पण तिचा अपराध गटार तुंबवण्याचा आणि गाईच्या पोटात जाण्याचा आहे; कर्बाच्या वहीत तिचे वजन काही ग्रॅमांपलीकडे जात नाही. दोन्ही प्रश्न एकात कालवले म्हणजे मुलांना पिशवी टाळून मोटारसायकल पिटाळण्यात विसंगती दिसेनाशी होते. वृक्षारोपणाचेही असेच. चांगले वाढलेले झाड जात व जमीन यांप्रमाणे वर्षाला दहा-वीस किलो कर्बवायू घेते, रोपटे त्याच्या मानाने काहीच नाही. वर काढलेले शिक्षकांचे ४०५ किलो फेडावयास वीस-चाळीस मोठी झाडे लागतील. दरवर्षी जुलैत त्याच खड्ड्यात नवे रोप लावून छायाचित्र पाठवणाऱ्या शाळांनी एक वर्ष रोप न लावता मागच्या वर्षीची जगलेली झाडे मोजून कळवली तरी चालण्यासारखे आहे. उलट जुनी पुस्तके धाकट्यांना देणे, धोतर-लुगड्यांची गोधडी शिवणे, सायकल दुरुस्त करून वापरणे या सवयींना कोणी पुरस्कार देत नाही. पण जी वस्तू नव्याने करावी लागली नाही, तिच्यासाठी कारखान्यात काही जळालेही नाही.

वहीची मांडणी साधी असावी. जूनमध्ये शाळा सुरू झाल्यावर पहिल्या सोमवारी सकाळी शाळेच्या मीटरचा आकडा टिपावा आणि पुढे दर महिन्याच्या पहिल्या सोमवारी त्याच वेळी टिपत जावे. वेळ बदलली की वजाबाकी फसते. घरच्या मीटरचे आकडे ज्यांना आणावेसे वाटतील त्यांनीच आणावेत आणि ते नावाऐवजी क्रमांकाने लिहावेत. तारीख, आजचा आकडा, मागचा आकडा, फरक आणि त्याला ०.७ ने गुणून आलेले किलो, एवढे पाच रकाने पुरेत. शेराच्या जागी कारण लिहावे : पाहुणे आले होते, लग्न होते, पंखा बिघडला होता, आजोबा आजारी असल्याने रात्रभर दिवा होता. आकडा वाढला म्हणून ओरडावयाचे नाही. कारण सापडले की काम झाले. मे महिन्याच्या सुटीत मीटर कोणी टिपावयाचे, हे एप्रिलमध्येच नेमून द्यावे; नाहीतर जूनमध्ये दोन महिन्यांची एकच वजाबाकी करावी लागते आणि उन्हाळ्यातील पंख्याचा हिशेब त्यात लपून जातो.